ठिसूळ हाडांच्या खणखणीत गोष्टी

बुलढाण्याहून बोथ्याच्या घाटाने खामगावकडे निघालं की ज्ञानगंगा अभयारण्य लागतं. इथल्या अस्वलांचे किस्से जिल्ह्यात घरोघर ऐकायला मिळतात. हाडांवर संशोधन करणाऱ्यांना मात्र या अस्वलाच्या थंड मुलखातल्या भाऊबंदांचं फार कुतूहल आहे. अमेरिकेतलं काळं अस्वल हिवाळ्यात पाच-सहा महिने गुहेत पडून राहतं. ना खाणं, ना चालणं. वसंतात ते बाहेर येतं तेव्हा त्याची हाडं झोपताना होती तशीच भक्कम असतात.

माणसाला हे जमत नाही. अंतराळवीरांच्या हाडांवर वजन पडत नाही, तर त्यांच्या खुब्याचं हाड दर महिन्याला एक ते दीड टक्का विरळ होतं. तेही धडधाकट, तरुण, निवडून घेतलेली माणसं असून. मग आजारपणात चार महिने खाटेवर पडलेल्या आजीच्या हाडांचं काय होत असेल, याचा अंदाज बांधा. आपल्या ज्ञानगंगेतलं अस्वल, जाता जाता सांगायचं तर, शीतनिद्रा घेतच नाही. ते बारा महिने वारुळं आणि मोहाची फुलं शोधत फिरतं.

हाड म्हणजे दगड नव्हे

जन्मलेल्या बाळात सुमारे 270 ते 300 हाडं असतात. वाढता वाढता त्यातली काही एकमेकांत जुळतात आणि मोठ्या माणसात उरतात 206. यातलं सगळ्यात लहान हाड कानात असतं, जेमतेम 3 मिलिमीटरचं. सगळ्यात मोठं मांडीचं.

ही हाडं एकदा तयार झाली की तशीच राहतात, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. शरीरात हाड पोखरणाऱ्या पेशी असतात आणि भरणाऱ्याही. दोघींचं काम रात्रंदिवस चालू असतं आणि दरवर्षी सांगाड्याचा साधारण दहावा भाग नवा होतो. म्हणजे दहा वर्षांपूर्वी तुमच्या अंगात होता तो सांगाडा आज बराचसा बदललेला आहे. तिशीपर्यंत भरणाऱ्यांची सरशी असते. नंतर तोल राहतो. आणि एका वयानंतर पोखरणं पुढे, भरणं मागे अशी गत होते. हाड आतून विरळ होत जातं, बाहेरून आकार तसाच. हाच ऑस्टिओपोरोसिस.

या आजाराचा सगळ्यात वाईट गुण म्हणजे तो दुखत नाही. गुडघे दुखतात, कुरकुर वाजतात, तो संधिवात. ‘मणक्यात गॅप आहे’ म्हणतात ते बहुतेकदा आणखी तिसरंच. हाड ठिसूळ होताना मात्र कसलीही कळ येत नाही. पहिली कळ येते ती हाड मोडल्यावरच. 50 वर्षांवरच्या दर तीन बायकांपैकी एकीचं आणि दर पाच पुरुषांपैकी एकाचं हाड उरलेल्या आयुष्यात कधीतरी या कारणाने मोडतं, असा जगभरचा अंदाज आहे. हा ‘बायकांचा आजार’ म्हणून पुरुष निर्धास्त राहतात, पण खुबा मोडल्यानंतर वर्षभरात दगावण्याचं प्रमाण पुरुषांतच जास्त आहे.

जात्यावरचे दंड

2017 मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी मध्य युरोपात सापडलेल्या, सात हजार वर्षांपूर्वीच्या बायकांच्या दंडाची हाडं तपासली. आजच्या बायकांशी तुलना करायची तर कुणाशी? त्यांनी केंब्रिजच्याच नौकानयन संघातल्या खेळाडू मुली घेतल्या, आठवड्याला कित्येक तास वल्हं मारणाऱ्या. निकाल असा आला की त्या शेतकरी बायकांच्या दंडाची हाडं या खेळाडूंपेक्षाही 11 ते 16 टक्क्यांनी मजबूत होती. संशोधकांनी पहिलं कारण धरलं ते दगडावर रोज तासन् तास धान्य दळण्याचं.

आपल्याकडे जातं दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत घरात होतं. पहाटे खुंटा धरायचा, एक पाय लांब, एक दुमडलेला, आणि पायली-दीड पायली ज्वारी दळून उठायचं. त्या कष्टाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. त्यात बायकांची झोप गेली, पाठ गेली. गिरणी आली हे चांगलंच झालं. पण जात्याबरोबर हातांवरचा तो रोजचा ताणही गेला आणि त्याच्या जागी दुसरं काही आलं नाही, हे खरं.

हाडाला ओझं लागतं. जर्मन डॉक्टर युलियस वोल्फ यांनी 1892 मध्येच मांडलं होतं की ज्या दिशेने भार पडतो त्या दिशेने हाड स्वतःला घडवतं. टेनिसपटूच्या खेळत्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा स्पष्ट जाड असतं. 1957 मध्ये जपानच्या फुकादा आणि यासुदा यांनी दाखवलं की हाडावर दाब पडला की त्यात अगदी बारीकशी वीजही तयार होते.

सातशे किलोमीटरचा व्यायाम

शेगावच्या गजानन महाराजांची पालखी दरवर्षी पंढरपूरला पायी जाते. एका बाजूचं अंतर सुमारे 700 किलोमीटर, लागतो महिना. परतीच्या शेवटच्या टप्प्यात, खामगावहून शेगावला, लाखो माणसं पालखीबरोबर चालतात. त्यात साठी-सत्तरीच्या बायका असतात, डोक्यावर तुळस, पायात साधी चप्पल.

चालणं हाडांना चांगलंच. फक्त दोन गोष्टी ध्यानात घ्या. एक, वर्षातून एकदा चालून भागत नाही. हाडाला आठवड्यातले पाच दिवस हवे असतात. दोन, नुसतं चालणं मनगट आणि पाठीच्या कण्यापर्यंत पुरेसं पोहोचत नाही. त्याला थोडं वजन उचलणं, खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं, आणि ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं, याची जोड लागते. शेवटचा प्रकार हाड वाढवण्यापेक्षा पडणं टाळण्यासाठी आहे आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा. न पडलेल्या माणसाचं खुब्याचं हाड सहसा मोडत नाही.

पोहणं आणि सायकल हृदयाला उत्तम, हाडाला फारसं काही देत नाहीत. पाणी आणि सीट तुमचं वजन स्वतःवर घेतात.

भुलाबाई, फुगडी आणि कोजागरी

भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत आपल्याकडे भुलाबाई बसते. मुली घरोघर जातात, गाणी म्हणतात, टिपऱ्या खेळतात, खाऊ ओळखतात. फुगडी, झिम्मा, लंगडी, दोरीवरच्या उड्या, लगोरी, हे सगळं हाडांच्या भाषेत उत्तम दर्जाचं खाद्य आहे. उडी मारून जमिनीवर आदळताना हाडाला जो धक्का बसतो तोच त्याला जाड व्हायला सांगतो.

आणि वयही नेमकं तेच. मोठेपणी हाडात जेवढं खनिज असतं त्याचा जवळपास पाव भाग वाढीच्या ऐन भरातल्या अवघ्या दोन वर्षांत भरला जातो. मुलींत हे वय साधारण 12-13 चं. नेमकं याच वयात आपण तिला सांगतो, आता मोठी झालीस, उड्या मारू नकोस. तिच्या सत्तरीतल्या खुब्याचा निकाल या दोन वर्षांत बराच लागलेला असतो. सातवी-आठवीचा खेळाचा तास गणिताला देणाऱ्या शाळेने हे एकदा वाचावं.

कोजागरीला आटीव दूध प्यायचं ते मात्र अगदी योग्य. ग्लासभर दुधात अडीचशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळतं. चांदण्यातून ‘ड’ जीवनसत्त्व मिळत नाही, त्यासाठी सूर्य वर यावा लागतो.

ऊन भरपूर, तरी पोटात टंचाई

1922 साली नाशिक भागात हचिसन आणि शहा यांनी मुडदुसाचा अभ्यास केला. त्यांना दिसलेलं चित्र त्या काळच्या समजुतीच्या उलट होतं. खाऊनपिऊन सुखी, पण पडद्यात आणि माजघरात राहणाऱ्या घरांतल्या बायका-मुलांची हाडं मऊ होती. ज्यांना नीट खायला मिळत नव्हतं पण जे दिवसभर शिवारात राबत, त्यांच्यात मुडदूस जवळपास नव्हता. सूर्यप्रकाश आणि हाडं यांचं नातं जगाला पटवण्यात या मराठी मुलखातल्या निरीक्षणाचा वाटा आहे.

शंभर वर्षांनी गोष्ट थोडी बदलली आहे. कापूस वेचणारी बाई पाहा. नऊवारी किंवा सहावारीवर पुरुषी लांब बाह्यांचा शर्ट, डोक्याला आणि तोंडाला गुंडाळलेला रुमाल, उघडे फक्त डोळे आणि बोटं. बोंडाच्या टोकांनी हात ओरबाडतात म्हणून शर्ट, उन्हाने चटके बसतात म्हणून रुमाल, दोन्ही गरजेचेच. पण त्वचेपर्यंत ऊन पोहोचत नाही. तिकडे गावातली मुलगी स्कूटीवर स्टोल आणि हातमोजे घालून जाते, तिचंही तेच.

उपाय साधा. तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असते तेव्हाच्या उन्हात कामाची किरणं असतात. म्हणजे आपल्याकडे साधारण अकरा ते दोन. हिवाळ्यात या वेळात हातपाय उघडे टाकून 20-30 मिनिटं. मे महिन्याच्या 43-44 अंशांत हा प्रयोग दुपारी कुणीही करू नये, तेव्हा दहाच्या आसपास थोडा वेळ पुरे. आणि बंद काचेतून आलेलं ऊन मोजायचं नाही. साधी काच ही किरणं अडवते.

‘ड’ जीवनसत्त्वाची गोळी कशापासून करतात माहीत आहे? बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीतल्या चिकट तेलापासून. लोकर धुताना ते तेल निघतं, त्यातला एक घटक वेगळा काढून त्यावर अतिनील किरणं सोडतात की झालं. घाटाखाली-घाटावर कळप घेऊन हिंडणाऱ्या धनगराच्या मेंढीच्या अंगावर हा कच्चा माल फिरत असतो.

एक इशारा इथेच. 60,000 युनिटची ती कॅप्सूल किंवा पुडी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, तीही ठरावीक आठवडे. रोजची गोळी समजून ती रोज घेतली गेली की रक्तातलं कॅल्शियम वाढतं, उलट्या होतात, किडनीला मार बसतो. घरात कुणी घेत असेल तर पाकिटावर वार लिहून ठेवा.

तिळाचं खातं

12 जानेवारीला सिंदखेड राजात जिजाऊंचा जन्मोत्सव, दोन दिवसांनी संक्रांत. हा आठवडा हाडांचा. 100 ग्रॅम तिळात 1000 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेवढ्याच दुधात 120. अर्थात तीळ कुणी शंभर ग्रॅम खात नाही. पण रोज दोन चमचे चटणीतून पोटात गेले तरी फरक पडतो. तिळाच्या सालात असे घटक असतात जे कॅल्शियम शोषू देत नाहीत, म्हणून भाजून, कुटून खाल्लेले बरे. मंद आचेवर कढईत ते तडतडायला लागले, एक-दोन बाहेर उडाले की उतरवायचे आणि कोमट असतानाच खलबत्त्यात लसूण, तिखट, मिठाबरोबर कुटायचे. ज्वारीच्या भाकरीबरोबर ही चटणी आपल्याकडे पूर्वापार आहे, ती फक्त संक्रांतीपुरती ठेवू नका.

नुसत्या ज्वारीच्या भरवशावर मात्र राहू नये. 100 ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम जेमतेम 25-30 मिलिग्रॅम. नाचणीत सुमारे 350, पण नाचणी आपल्या भागात पिकत नाही, दुकानातून आणावी लागते. शेवग्याच्या पाल्यात 300 च्या वर. शेवग्याचं झाड बांधावर, परसात सगळीकडे असतं. आपण शेंगा तोडतो आणि पाला बकरीला घालतो. हरभऱ्याचा कोवळा पाला खुडून वाळवून ठेवलेला आठवडी बाजारात मिळतो, त्याची भाजीही या यादीत वर आहे. पावसाळ्यात तरोटा, तांदुळजा. पालकात कॅल्शियम दिसतं भरपूर, पण त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे अंगी लागतं फार थोडं.

किती लागतं? राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 मध्ये मोठ्या माणसासाठी रोजचं प्रमाण 600 वरून 1000 मिलिग्रॅम केलं. पाळी गेलेल्या आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला 1200. एक ग्लास दूध, एक वाटी दही, तीळ आणि एक पालेभाजी, एवढं झालं की बराचसा रस्ता कापला जातो. घरातलं सगळं दूध डेअरीला आणि चहाला गेलं, तर नाही कापला जात.

पुण्यात याच कल्पनेचा शास्त्रीय प्रयोग झाला आहे. गरीब वस्तीतल्या लहान मुलांना वर्षभर रोज एक कॅल्शियमयुक्त लाडू खाऊ घातला, जोडीला ‘ड’ जीवनसत्त्व. साध्या लाडवाच्या गटापेक्षा या मुलांच्या हाडातलं खनिज जास्त वाढलं. 2011 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. लाडूच निवडला, कारण मुलं तो हट्टाने मागून खातात.

आणि तंबाखूबरोबर मळलेल्या चुन्याने कॅल्शियम मिळतं, असं सांगणारे भेटतील. तंबाखू, मिश्री, बिडी, तिन्ही हाडाला विरळ करतात. तो चुना कामाचा नाही.

खारपाण पट्टा आणि हाडं

इथे थोडं थांबू या, कारण हे खास आपलं आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत खारपाण पट्टा पसरला आहे. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा या तालुक्यांतली कित्येक गावं पिढ्यान् पिढ्या खारं पाणी पीत आली. तिथल्या किडनीच्या आजारांबद्दल वर्षानुवर्षं ओरड आहे. हाडांबद्दल कुणी बोलत नाही.

संबंध असा. ऊन अंगावर पडलं, ‘ड’ जीवनसत्त्व तयार झालं, तरी ते कच्चंच असतं. आधी यकृत आणि मग किडनी त्याला कामाच्या रूपात आणते. किडनी निकामी व्हायला लागली की हे शेवटचं काम बंद पडतं, रक्तातलं फॉस्फरस वाढतं, आणि शरीर हाडातून कॅल्शियम ओढू लागतं. म्हणून डायलिसिसवरच्या माणसाची हाडं मोडतात. दुसरं, मीठ. शरीर जास्तीचं सोडियम लघवीतून टाकतं तेव्हा त्याच्यासोबत कॅल्शियमही जातं. सहा ग्रॅम मिठामागे, म्हणजे चमचाभर मिठामागे, सुमारे 40 मिलिग्रॅम. पाणीच खारं असेल तर तो हिशेब जेवणाआधीच सुरू झालेला असतो.

म्हणून या गावांत किडनीचा त्रास निघालेल्या माणसाने मेडिकलमधून मनाने कॅल्शियमच्या गोळ्या आणू नयेत. त्याला लागणारी गोळी, मात्रा, सगळं वेगळं असतं. आणि गोड पाण्याची नळयोजना ही या पट्ट्यात हाडांचीही योजना आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही भागांत वेगळीच कथा. तिथल्या भूजलात फ्लोराइड जास्त. फ्लोराइडने हाड एक्स-रेत दाट, पांढरंशुभ्र दिसतं, आणि मोडतं मात्र लवकर. एके काळी डॉक्टरांनाही हा मोह पडला होता. ऑस्टिओपोरोसिसवर फ्लोराइड देऊन पाहिलं, हाडाची घनता वाढली, मोडणं कमी झालं नाही. 1990 मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासाने त्या उपचारावर पडदा टाकला.

राहिलं लोणार. सरोवराचं पाणी इतकं क्षारीय की त्याचा पीएच दहाच्या घरात जातो. हल्ली ‘अल्कलाइन पाणी प्या, हाडं वाचवा’ म्हणून महागडी यंत्रं विकतात. रक्ताचा पीएच शरीर 7.35 ते 7.45 च्या आत ठेवतं, तुम्ही काहीही प्या. त्या यंत्राने हाडं वाचतात याला पुरावा नाही.

पिशवी काढली, पुढे काय?

पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत बाईच्या हाडाचा पाचवा हिस्सा जाऊ शकतो. इस्ट्रोजेन हे संप्रेरक पोखरणाऱ्या पेशींना आवरून धरतं. ते कमी झालं की त्यांना रान मोकळं. भारतात पाळी सरासरी 46-47 व्या वर्षी जाते, पाश्चात्य देशांच्या चार-पाच वर्षं आधी.

आता याला 2019 ची बीडची गोष्ट जोडा. ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून राज्यभर खळबळ झाली. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात 82 हजारांवर बायकांची पाहणी झाली, त्यात 13 हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. कित्येक जणी चाळिशीच्या आतल्या. शस्त्रक्रियेत गर्भाशयासोबत अंडाशयंही काढली गेली तर इस्ट्रोजेन एका दिवसात खाली येतं. तिशीत किंवा पस्तिशीत. म्हणजे साठीत सुरू व्हावं ते हाडांचं दुखणं पंचेचाळिशीत दारात, आणि तेही डोक्यावर मोळी वाहणाऱ्या बाईच्या.

आपल्या जिल्ह्यातही ‘पिशवी काढली’ हे वाक्य सहज कानावर येतं. ज्यांची काढली आहे त्यांनी एक प्रश्न जरूर विचारावा, अंडाशयं ठेवली की काढली? उत्तर कागदावर लिहून घ्यावं. काढली असतील आणि वय पन्नाशीच्या आत असेल, तर हाडांची तपासणी आणि संप्रेरकांचा सल्ला हा तिचा हक्क आहे.

बाळंतपणाची बाजू मात्र दिलासा देणारी. अंगावर पाजताना आई रोज दोनशे-तीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम बाळाला देते, सहा महिन्यांत तिच्या हाडाचे तीन ते पाच टक्के जातात. आणि बाळाचं दूध तुटलं की पुढच्या वर्षभरात ते बहुतेक सगळं भरून येतं. आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या गोळ्यांपैकी लोहाची आणि कॅल्शियमची एकदम घेऊ नये. कॅल्शियम जेवणासोबत, लोह दुसऱ्या वेळी, मध्ये दोन तास तरी.

भिंतीला पाठ लावा

महागड्या मशीनआधी घरची भिंत. आजीला भिंतीशी उभं करा, टाचा भिंतीला, पाठ भिंतीला, नजर समोर. डोक्याची मागची बाजू भिंतीला टेकते का? टेकत नसेल तर पाठीचा एखादा मणका दबलेला असू शकतो. तरुणपणीच्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटर किंवा जास्त उंची कमी झाली असेल तरी तीच शंका. दबलेल्या मणक्यांपैकी बरेचसे कुणाच्या लक्षातच येत नाहीत; ‘वयाने पोक आलं’ म्हणून सोडून देतात. एसटीच्या शेवटच्या सीटवर किंवा मोटरसायकलवर मागे बसून खड्ड्यात जोराचा गचका बसला आणि पाठीत चमक भरली, तर साठीच्या पुढच्या माणसाचा एक्स-रे काढाच.

खरी तपासणी डेक्सा, हाडाची घनता मोजणारी. दहा मिनिटं झोपायचं, छातीच्या एक्स-रेपेक्षाही कमी किरणं. तिच्यातला आकडा, म्हणजे टी-स्कोअर, उणे 2.5 किंवा खाली आला की ऑस्टिओपोरोसिस, ही व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेची, 1994 ची. गावोगावच्या मोफत शिबिरात टाचेवर जे यंत्र लावतात ती चाळणी आहे, निदान नव्हे. तेवढ्यावर वर्षाच्या गोळ्या विकत घेऊ नका. ऑक्टोबर 2024 मध्ये बुलढाण्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं. ही तपासणी जिल्ह्यातच सहज मिळावी, ही मागणी आता करायला हरकत नाही.

नळ साफ करणारं औषध

खारपाणातल्या माठावर पांढरा थर बसतो तो सगळ्यांना माहीत आहे. पाइपात असा थर बसू नये म्हणून कारखान्यांत बिस्फॉस्फोनेट नावाची रसायनं वापरत. 1960 च्या दशकात स्वित्झर्लंडचे हर्बर्ट फ्लाइश यांच्या लक्षात आलं की ही रसायनं हाडाच्या खनिजालाही चिकटतात आणि पोखरणाऱ्या पेशींना रोखतात. त्यातून आजची सगळ्यात जास्त वापरली जाणारी औषधं आली.

त्यातली आठवड्याची गोळी घ्यायची एक रीत आहे. सकाळी उठल्या उठल्या, चहाही नाही. गोळी, तांब्यातलं साधं पाणी भरलेला मोठा ग्लास, सगळा संपवायचा. मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि काही खायचंही नाही. गोळी अन्ननलिकेत अडकली तर जखम करते, आणि दुधाबरोबर घेतली तर अंगीच लागत नाही. ज्यांना हे जमत नाही त्यांच्यासाठी वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं औषध आहे. सहा महिन्यांनी घ्यायचं एक इंजेक्शनही आहे, पण ते मनाने थांबवलं किंवा लांबवलं तर मणके एकामागून एक दबू शकतात. तारीख चुकवायची नाही.

दक्षिण आफ्रिकेत काही आफ्रिकानेर कुटुंबांत एक दुर्मिळ आजार आहे, हाडं वाढतच जातात, अतिशय दाट होतात. त्यांच्यात हाडाला ‘पुरे’ म्हणणारं एक प्रथिन तयारच होत नाही. त्या प्रथिनाला अडवणारं औषध शास्त्रज्ञांनी बनवलं आणि 2019 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. काही घराण्यांचं दुखणं दुसऱ्यांचं औषध झालं.

बाजारात गुडघेदुखीवर बिननावाच्या पुड्या मिळतात, दोन दिवसांत उठून चालायला लावणाऱ्या. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं वारंवार सापडलं आहे. स्टिरॉइड महिनोन् महिने पोटात गेलं तर हाड झपाट्याने विरळ होतं. पुडीवर नाव, घटक, बॅच नसेल तर ती घरात आणू नका.

परमवीरचक्रावरचं हाड

दधीची ऋषींनी आपली हाडं दिली आणि त्यातून इंद्राचं वज्र झालं, ही कथा लहानपणी सगळ्यांनी ऐकलेली. देशाच्या सर्वोच्च शौर्यपदकावर तेच वज्र चार वेळा कोरलेलं आहे. पदकाचं रेखाटन सावित्रीबाई खानोलकर यांचं. जन्माने स्विस, लग्नाने मराठी, आणि संस्कृत पुराणांच्या जाणकार.

मनगट मोडलं की

पन्नाशी-पंचावन्नच्या बाई मोरीत किंवा अंगणात घसरतात, हात टेकतात, मनगट मोडतं. प्लास्टर होतं, सहा आठवड्यांनी निघतं, सगळे विसरतात. दहा-पंधरा वर्षांनी त्याच बाईंचा खुबा मोडतो. मग रॉड, नाहीतर बॉल बदलणं. उभ्याउभ्या पडून मोडलेलं मनगट हा हाडांनी दिलेला पहिला इशारा असतो आणि तो ऐकला तर पुढचं बरंच टळतं. खुबा मोडलाच तर तेल-मालिश, पाला बांधणं, वाट पाहणं नको. शस्त्रक्रिया शक्यतो दोन दिवसांत व्हावी. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसते का, हे दवाखान्यात पहिल्याच दिवशी विचारा.

आणि मोरीतली फरशी खरबरीत करा, रात्री लघवीच्या वाटेवर एक दिवा ठेवा, भिंतीला एक दांडी ठोका. तुमच्या घरात पन्नाशीनंतर कुणाचं मनगट मोडलं असेल, तर प्लास्टर काढायला जाल त्या दिवशी डॉक्टरांना एवढं विचारून या: ‘आता हाडांची तपासणी करायची का?’